उजव्या पंखाची पिसं

आमच्या पोपटाला ही जावईबापू म्हणायची. आधी पोटभर खाणार, मग रुसून बसणार, आणि कुणी समजूत काढायला गेलं की बोट चावणार. खरे जावई समोर असले तरी ही खुशाल हाक मारायची, आणि ते बिचारे "काय आई?" म्हणत उठलेले मी पाहिले आहेत.

त्याचं सगळं हीच बघायची. सकाळी खिडकीतल्या उन्हात त्याच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारायची. मग तो कितीतरी वेळ एकेक पीस चोचीतून ओढून साफ करत बसे. डोक्यावर मात्र त्याची चोच पोचत नाही. तिथे नवं पीस पांढऱ्या, पातळ नळीत गुंडाळलेलं उगवतं, काट्यासारखं. ती नळी चिमटीत हलकेच चोळली की तिची भुकटी होते आणि पीस उलगडतं. त्यासाठी तो हिच्यापुढे मान खाली घालायचा. फक्त हिच्यापुढे. मी एकदा हात पुढे केला होता, त्याची खूण अजून अंगठ्यावर आहे.

संध्याकाळी ही स्वयंपाकघरात असली की तो पिंजऱ्यावर बसून दोन सुरांची शीळ घाली. आतून ही "आले, आले" म्हणे, आणि ते ऐकलं की तोच उडून तिच्याकडे जाई.

ही इस्पितळात गेली ती परत आली नाही. घरात लोकांची ये-जा, दार सताड उघडं, वर पंखा गरगरतोय. त्या दिवसांत पोपट पिंजऱ्यातच होता. थोरली लेक माझ्यासोबत राहायला आली. ती म्हणाली, "बाबा, एक दिवस हा पंख्यात सापडेल नाहीतर दाराबाहेर जाईल. आईची एवढी एकच गोष्ट उरलीय. पंख कापून आणू का?"

"तुला योग्य वाटेल तसं," मी म्हणालो. मी बहुतेक वेळा हेच म्हणतो.

पक्षी विकणाऱ्याने उजव्या पंखाची लांब पिसं पार बुडाशी कापली. एकाच बाजूची कापली की लांब जात नाही, म्हणाला.

त्या संध्याकाळी थोरलीने त्याला पिंजऱ्याबाहेर सोडलं. त्याने शीळ घातली, मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा घातली. उत्तर आलं नाही तसा स्वयंपाकघराच्या दिशेने झेपावला, आणि गिरकी घेत छातीवर फरशीवर आपटला. तिथेच अंग फुगवून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. थोरली एकदा आतून "आले" म्हणाली, तर त्याने पाठ फिरवली. कोंडून ठेवलं तर स्वतःच्याच छातीची पिसं उपटू लागला. शेवटी फरशीवर रक्त दिसलं.

पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून पाहिलं. "छातीच्या हाडावरची कातडी फाटलीय. असाच पडत राहिला तर वाचायचा नाही."

"पिसं परत येतील ना?" थोरलीने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"हे खुंट गळतील तेव्हा. वर्षभर तरी जाईल." मग त्या म्हणाल्या, "त्याची आधी गळलेली पिसं असतील तर ती खुंटांवर जोडता येतात. दांडी पोकळ असते, आत बांबूची काडी घालून चिकटवायची. पण पंख उजवाच हवा, आणि जागाही तीच."

"ती कुठली असायला," थोरली म्हणाली. "कचऱ्यात गेली असतील."

"पुस्तकांत आहेत," मी म्हणालो.

ही माझ्या कपाटातली पुस्तकं वाचायला घ्यायची आणि अर्ध्यात सोडायची. सोडलं तिथे पोपटाचं गळलेलं पीस खुणेला ठेवायची. पुस्तकाला कीड लागेल, अशी माझी कुरकुर असे. त्यावर, "तुमची पुस्तकं सुरू फार छान होतात हो," एवढंच म्हणायची.

आम्ही कपाटं उपसली. पीस काढलं की तिथे मी कागदाची चिठ्ठी ठेवत गेलो. एका पुस्तकात ही सातव्या पानावरच थांबली होती; मीही तिथेच कंटाळलो होतो, पण तसं तिला कधी सांगितलं नव्हतं. पिसांचा ढीग झाला. डॉक्टरीणबाईंनी त्यातून चार निवडली. पाचवं, सर्वांत लांब, मिळेना.

ते कुठे होतं ते मला माहीत होतं. इस्पितळातून आलेल्या तिच्या पिशवीत एक कादंबरी होती. पिशवी मी उघडली नव्हती. शेवटची थोडीच पानं राहिली होती, आणि "शेवट सांगायचा नाही हं," असं तिने मला बजावलं होतं. मी पिसाचं टोक धरून ओढलं. पुस्तक मिटलं, आणि पान बघायचं राहून गेलं.

छातीची जखम भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी पिसं जोडली. घरी आणून थोरलीने दार लावलं, पंखा बंद केला आणि पिंजरा उघडला. संध्याकाळ होती. त्याने शीळ घातली. ऐकलं. मग उडाला, सरळ.

स्वयंपाकघरात ओट्यावर उतरला. तिथून न्हाणीघराच्या दांडीवर. तिथून आमच्या खोलीत, हिच्या पलंगाच्या कडेवर, मग खुंटीवरच्या हिच्या शालीवर. थोरलीच्या खोलीत गेला. पुन्हा स्वयंपाकघरात. तिथे बराच वेळ बसला आणि मग परत पिंजऱ्यावर आला.

दुसऱ्या संध्याकाळी शीळ आली नाही. त्यानंतरही नाही.

"बघा बाबा, किती शांत झाला," थोरली म्हणाली. तिला फार बरं वाटलं होतं. मी मान हलवली.

मी ती कादंबरी पहिल्या पानापासून वाचायला घेतली होती. तो उडत आला आणि खुर्चीच्या हातावर बसला. त्याचं डोकं काट्यांनी भरलं होतं. ही गेल्यापासून ते कुणी चोळलं नव्हतं. माझ्याकडे न बघता त्याने मान खाली घातली.

मी पुस्तक बाजूला ठेवलं. खूण असलेला अंगठा आणि बोट पुढे केलं, अगदी सावकाश, त्याला मागे सरकायला वेळ मिळावा म्हणून. त्याने चावावं, असं मला वाटत होतं.

तो चावला नाही.