तिखट चेंडू

ओव्हिद ब्रूसारची बेसबॉलमधली पिचरगिरी, म्हणजे चेंडूफेक, तिसऱ्याच सामन्यात आटोपली, आणि तीही जिभेच्या चोचल्यांपायी. खांद्यात काही खोट नव्हती. लुइझियानाच्या दलदलीतून आलेला हा काटकुळा गडी चेंडूवरून जीभ फिरवून फेकायचा आणि तो ओला चेंडू सरळ जाता जाता ऐनवेळी बॅटखाली बुडी मारायचा. त्या काळी चेंडूला थुंकी लावणं नियमात बसत होतं. बाकीचे पिचर जरा आडोशानं लावायचे, ओव्हिद मात्र चारचौघांत चाटायचा. पहिले दोन सामने त्यानं असेच खिशात घातले.

तिसरा सामना कोलस्टनच्या मैदानावर होता. "हा जिंक, की पुढच्या वर्षाचा करार तुझा," त्याच्या मिलबर्ग संघाचे मॅनेजर मॅकनल्टी म्हणाले. "हरलास तर रात्रीच्या गाडीनं घरी."

घरी मिरचीचं शेत होतं. बापानं निघतानाच बजावलं होतं, "तोडणी लागेपर्यंत काय तो खेळ. तोवर कायम झालास तर राहा तिकडं, नाहीतर टोपली आहेच." त्या टोपलीचं ओव्हिदला नाव नको होतं. त्याला जन्मभर चेंडूच फेकायचा होता. इकडे ओहायोत खेळायला आल्यापासून दुःख एकच, जेवणाचं. खानावळवाल्या मिसेस स्टोल्ट्झ रोज बटाटे उकडायच्या नाहीतर कोबी उकडायच्या, आणि रविवारी सणासुदीचं म्हणून दोन्ही एकत्र उकडायच्या.

सामना सुरू झाला. चेंडू यजमानांचा, आणि फाटेपर्यंत तोच वापरायचा. कोलस्टनच्या क्रेब्स नावाच्या खोडसाळ प्रशिक्षकानं त्याच्या शिवणीत लाल मिरचीची पूड दाबून चोळली होती. आपल्या पोरांना त्यानं ताकीद दिली होती, "हात तोंडाला लावायचा नाही, डोळ्याला तर मुळीच नाही. आणि आता त्या बेडकाची गंमत बघा."

ओव्हिदनं चेंडू चाटला आणि तो थबकला. डोळ्यांत पाणी आलं. कोलस्टनच्या बाकावर एकमेकांना कोपरखळ्या सुरू झाल्या. ओव्हिदला मात्र घरची चूल आठवली, आईच्या हातचा झणझणीत खेकड्यांचा रस्सा आठवला, आणि त्याला घराची अशी ओढ लागली की त्यानं चेंडू पुन्हा चाटला. मग उलटा करून दुसऱ्या बाजूनं चाटला.

"अरे, हा तर मिटक्या मारतोय!" क्रेब्स ओरडला.

अंपायरकडे एक शब्द टाकला असता तर नवा चेंडू मिळाला असता. ते ओव्हिदला कळत होतं. पण नवा चेंडू मिसेस स्टोल्ट्झच्या बटाट्यासारखा लागला असता. तो गप्प बसला आणि असा फेकत सुटला की कोलस्टनवाले हवेत बॅट फिरवून घामाघूम झाले. क्रेब्स संधी मिळाली की आणखी पूड चोळायचा आणि ओव्हिद मनातल्या मनात त्याचे आभार मानायचा.

एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नाही. गडी बाद झाला की चेंडू जवळच्या चार क्षेत्ररक्षकांच्या हातांतून फिरत फिरत पिचरकडे येतो, ही बेसबॉलची रीत. आणि मिलबर्गचे चौघेही तंबाखू चघळणारे, बोटं तोंडात घालणारे, त्याच बोटांनी घाम पुसणारे.

शेवटचा डाव आला. मिलबर्ग एका धावेनं पुढे होतं, कोलस्टनचे दोन बाद झाले होते, तिसरा बाद झाला की सामना मिलबर्गचा, आणि कोलस्टनचे दोघं धावायला टपले होते. ओव्हिदनं फेकलेला चेंडू बॅटच्या कडेला लागून सरळ वर उडाला. शेंबड्या पोरानंही झेलला असता असा.

"माझा!" चौघेही ओरडले. चौघांचेही डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. चौघे एकमेकांवर आदळले, चेंडू मधोमध पडला, आणि कोलस्टनच्या दोन धावा निघून गेल्या.

"हरलो म्हणून रडता काय रे?" मॅकनल्टी धावत आले. मग त्यांनी चेंडू उचलला, हुंगला, संशय आला म्हणून जिभेला लावला, आणि पाण्याच्या बादलीत तोंड घातलं. बाहेर काढल्यावर म्हणाले, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून, साहेब."

"आणि बोलला नाहीस?"

"चव लागली होती, साहेब."

मॅकनल्टींनी चेंडू त्याच्या अंगावर फेकला. "हा घे तुझा करार. जा, चाटत बस जन्मभर!"

गाडीत ओव्हिद खिडकीकडे तोंड करून खरोखरचा रडला.

घरी बापानं विचारलं, "काय कमावलंस?" ओव्हिदनं चेंडू टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. बाप मन लावून ऐकत होता. त्यानं चेंडू उचलला, शिवणीवरून सावकाश जीभ फिरवली आणि पोराकडे बघितलं.

"ही?" तो म्हणाला. "असल्या पुळचट मिरचीसाठी हरलास?"

आणि त्यानं टोपली पुढे सरकवली.