उरलेला दोन वीत पट्टा

सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी उजव्या बाजूचं फूल पडलं आणि माझं ठरलं. फूल पडलं ते लांब कोकणातल्या एका गावात, देवाच्या ओल्या पाषाणावरून. मी उभी होते मुंबईत, दिंडोशीला, जुन्या गाड्या विकणाऱ्या देवेशच्या आवारात. मधे फक्त एक फोन होता.

मी एक गाडी आहे. पांढरी, आठ जणांची, बाजूचं दार सरकवून उघडायची. माझं नाव आणि कंपनी सांगत नाही. कंपनीने मला चांगलीच बनवली होती, जे वाईट झालं ते नंतर झालं.

आम्हा गाड्यांच्याही पिढ्या असतात. आमच्यातली थोरली म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. शाळेची पोरं, लग्नाची भांडी, काय वाट्टेल ते तिने वाहिलं. तिच्यात जीव वाचवायचं काहीच सामान नव्हतं. मी मधली. माझ्या पुढच्या दोन सीटसमोर दोन फुगे घडी घालून ठेवले होते. गाडी जोरात आपटली की ते डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगतात आणि माणसाचं तोंड, छाती सांभाळतात. आता शोरूममध्ये उभी असते ती धाकटी. तिला सहा फुगे, मागे बघायला कॅमेरा, सगळं आहे.

माझी पहिली मालकीण नीलाताई. नाहूरला राहायच्या, हॉस्पिटलमधून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मला मऊ फडक्याने पुसायच्या, खड्डा आला की मलाच सॉरी म्हणायच्या. चार वर्षं मी सुखात होते.

मग एका जुलैत त्यांच्या इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं. मी उतारावर, तोंड खाली करून उभी होते. पुढून पाणी स्टेअरिंगच्या वर गेलं, मागच्या सीटना नुसतं पायाशी लागलं. तीन दिवस मी तशीच होते. नाल्याचं पाणी ते. माझ्या तारांत, फुग्यांच्या जोडणीत, पुढच्या सीटबेल्टच्या पट्ट्यांच्या गुंडाळीत गाळ जाऊन बसला.

विम्याचा माणूस आला, बघितलं, कामातून गेलेली असं लिहून घेतलं. नीलाताई त्याला म्हणाल्या, "हिला आता रस्त्यावर नका आणू हं. भंगारातच द्या." तो हो म्हणाला. हो म्हणायला काय जातं.

लिलावात मला देवेशने उचललं. महिनाभर उन्हात दारं उघडी टाकून सुकवलं. नवा गालिचा घातला, इंजिन खोलून धुतलं, चमेलीच्या वासाच्या दोन बाटल्या टांगल्या. इंजिन झकास चालू झालं. राहिले फुगे. ते मेले होते, आणि ते मेलेत हे सांगणारा एक लाल दिवा माझ्या मीटरमध्ये सारखा पेटत होता. देवेशने मीटर खोललं आणि त्या दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटवली.

त्या क्षणी मी मुकी झाले. मला ओरडायला तेवढं एकच तोंड होतं.

मार्च महिन्यात ही माणसं आली. बोरिवलीची. हर्षद, त्याची बायको मनाली, चार वर्षांची गंधाली आणि हर्षदची आई मालन. हर्षद लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. घरात स्कूटर होती. दिवाळीत ती घसरली आणि गंधालीच्या हनुवटीला टाके पडले. तेव्हापासून मनालीने पोरीला स्कूटरवर बसू दिलं नव्हतं. बसला गर्दी असली की बस सोडून द्यायची, पुढच्या बससाठी अर्धा तास उभी राहायची. सारखी पोरीच्या हनुवटीवरून बोट फिरवायची सवयच लागली होती तिला.

आवारात माझ्या शेजारी थोरलीही उभी होती. हर्षदचा डोळा तिच्यावर होता.

"हिचा पार्ट कुठेही मिळतो. रस्त्यावरचा मेकॅनिकपण करतो."

"हिच्यात फुगे नाहीत," मनाली म्हणाली. "मी विचारलं त्यांना."

"अगं, आपण काय रेस लावणार आहोत?"

"स्कूटरवर काय रेस लावलेली तुम्ही?"

मनालीला खरं तर शोरूममधली धाकटीच हवी होती, पण ती आवाक्याबाहेरची होती हे तिलाही ठाऊक होतं. मग तिने माझ्याकडे बोट केलं. "निदान ही घ्या. हिच्यात दोन तरी आहेत."

थोरलीकडे बघून मला लाज वाटली. तिच्यात फुगे नव्हते, पण आहेत असं तिने कुणाला दाखवलंही नव्हतं.

मनालीने मला नीट तपासलं. कुणीतरी तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा धरून ती ओढायला लागली. हातभर बाहेर आला. दीड हात आला. आतल्या गुंडाळीवर गाळाची तपकिरी रेघ होती. अजून दोन वीत ओढला असता तर ती तिच्या हातात आली असती.

"वहिनी, वहिनी, एवढा नका ओढू," देवेश धावत आला. "स्प्रिंग जाईल त्याची. मग पट्टा परत आत जात नाय."

दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून मोडायला नको, म्हणून तिने पट्टा सोडला. तो सर्रकन आत गेला.

"आपण अंबादासभाऊंना दाखवू आधी," ती हर्षदला म्हणाली. अंबादास त्यांच्या गल्लीतला मेकॅनिक.

हर्षद हो म्हणणारच होता. पण मालनने तोवर गावी फोन लावला होता. त्यांच्या घरात मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओली फुलं लावतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. याला कौल म्हणतात.

मालनने फोन स्पीकरवर टाकून माझ्या बॉनेटवर ठेवला. गुरवांचा आवाज माझ्या पत्र्यातून घुमला.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकराच्या घरात गाडी येतली. ती घेवची काय नको, काय आसात ता सांग रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," मालन म्हणाली. हर्षदने हात जोडले. देवेशने तर चपला काढल्या.

थोडा वेळ फोनमधून नुसती घंटा ऐकू येत होती. मग गुरव म्हणाले, "उजवो दिल्यान गो मालन. अकरा बेचाळीस. आनंदान घेवा."

मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या काचेवर हात ठेवला. मनाली हळूच म्हणाली, "आई, अंबादासभाऊंना एकदा दाखवून..."

"देवान उजवो दिल्यार मेस्त्रीक कित्याक दाखवूचा? देवावर संशय घेतंस?"

मनालीने हर्षदकडे बघितलं. हर्षद लिफ्ट चालू करण्याआधी चार वेळा ब्रेक बघणारा माणूस. पण आईसमोर तो खाली मान घालून म्हणाला, "दाखवू गं सवडीने."

ती सवड सात महिने मिळाली नाही.

मी बोरिवलीला आले. कुंकवाचं बोट, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं झालं. मालनने माझ्या डॅशबोर्डवर छोटा गणपती चिकटवला. गंधाली हर्षदच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "पप्पा, फुगे कुठेयत?"

त्याने स्टेअरिंगवर थाप मारली. "इथे झोपलेत."

"कधी उठणार?"

"उठायला नको, बाळा."

"मला लाल पाहिजे."

"बरं, लाल," तो म्हणाला आणि हसला.

मनालीने एक नियम घातला. गंधाली पुढे बसणार नाही, मधल्या सीटवर, पट्टा लावूनच. पोरगी रडायची, मालन चिडायची. "मांडयेर बसांदे गो, हयच तर जावचा आसा." मनाली ऐकायची नाही. पट्टा लागल्याचा टक् आवाज आल्याशिवाय ती हर्षदला गाडी हलवू द्यायची नाही. शेजारच्या बायका तिला हसायच्या. "तुझी पोरगी काय अंड्याची टोपली आहे का गं?" "हो, टोपलीच आहे," ती म्हणायची.

मी सांगायचा प्रयत्न केला. उन्हात उभी केली की माझ्यातून गाळाचा वास यायचा. चमेलीखालूनही यायचा. मनाली म्हणायची, "अहो, नाल्याचा वास येतोय." कधी माझी काच आपोआप खाली जायची, कधी वळणावर हॉर्न वाजायचा. हर्षद म्हणायचा, "जुन्या गाडीचे नखरे." गणपतीला गावी गेले तेव्हा मालनने वाटेत सगळ्यांना बजावलं, की देवाने दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची नाहीत. त्यानंतर मनालीने वासाचं नाव काढलं नाही. ती नुसती काच खाली करायची.

ऑक्टोबरमध्ये सांताक्रूझला एका नात्यातल्या साखरपुड्याहून आम्ही परत येत होतो. दुपारचे साडेचार असतील. हर्षद पुढे एकटा. शेजारच्या सीटवर पेढ्यांचा पुडा आणि आहेराची पिशवी. मधे मनाली, गंधाली, मालन. गंधाली झोपेला आली होती. पट्टा नको म्हणून तिने पिरपिर केली आणि मालन म्हणाली, "सोड गो, झोपांदे जरा." मनालीने पट्टा सोडला नाही.

दिंडोशीजवळ हायवेवर पुढचा डंपर एकदम थांबला.

हर्षदने ब्रेक दाबला. ब्रेक लागले, ते माझे चांगले होते. पण अंतर कमी पडलं. मी डंपरच्या मागच्या लोखंडावर गेले. माझं तोंड आत दबलं. त्या क्षणी मी सगळी ताकद लावून फुग्यांना हाक मारली. तारांतून काहीच गेलं नाही. हर्षदचा पट्टाही गाळाने गंजलेला, अडकायच्या वेळी अडकला नाही, तसाच सुटत गेला. हर्षद छातीने स्टेअरिंगवर आदळला.

मागे पाणी फक्त पायाशी लागलं होतं. मागचे पट्टे शाबूत होते. गंधालीचा पट्टा एका झटक्यात घट्ट झाला आणि त्याने तिला धरून ठेवलं. तिच्या खांद्यावर नुसता वळ उठला. मनालीचं मनगट मोडलं, मालनच्या कपाळाला लागलं.

"पप्पा, उठा ना," एवढंच मला ऐकू येत होतं. नंतर माणसं आली, आणि त्याला बाहेर काढायला माझं दार कापावं लागलं.

तो तिसऱ्या दिवशी गेला. मला हे पंधरा दिवसांनी कळलं, मनाली आली तेव्हा.

मी पोलीस चौकीशेजारच्या मोकळ्या जागेत, भिंतीला लावून उभी होते. मनालीच्या हाताला प्लास्टर होतं. बरोबर अंबादासभाऊ आणि मालन. गंधालीची पाण्याची बाटली माझ्यात राहिली होती, ती न्यायला आले होते. बाटली घेतली आणि मनाली म्हणाली, "भाऊ, आता तरी बघा हिला."

अंबादासने ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा धरला आणि ओढला. शेवटपर्यंत ओढला. तपकिरी रेघ बाहेर आली. त्याने त्यावर नख घासलं, वास घेतला.

"बुडालेली गाडी आहे ही, वहिनी."

मग त्याने मीटर खोललं. काळी पट्टी नखाने काढली आणि मनालीच्या चांगल्या हातावर ठेवली. "किल्ली फिरवली की हा फुग्यांचा लाल दिवा लागतो आणि जरा वेळाने विझतो. लागून विझला तर फुगे जिवंत. विझला नाही तरी वाईट, आणि लागलाच नाही तर कुणीतरी लपवलाय."

"मी पट्टा ओढलेला," मनाली म्हणाली. "एवढा." तिने हात लांब करून दाखवलं. "एवढाच."

मालनने तिथेच उभं राहून गावी फोन लावला. "गुरवानू, देवान माका फसवल्यान."

पलीकडून म्हातारे गुरव म्हणाले, "तसा म्हणा नको गो. घरात गाडी येवची काय, ह्या आमी देवाक इचारला. ती आतसून बरी आसा काय, ह्या मेस्त्रीक इचारूचा. माझ्या घरच्या बैलाक मी कौल घेतलंय, तरी दात बघल्याशिवाय आणूक नाय."

मालन खाली बसली, माझ्या फुटक्या दिव्याशेजारी, मातीत. मनालीला म्हणाली, "तू सांगलेलंस गो माका."

मनाली काहीतरी बोलेल असं मला वाटलं. बोलायचा तिला हक्क होता. तिने सासूच्या डोक्यावर स्वतःची ओढणी धरली. "उठा आई. ऊन लागतंय तुम्हाला."

जाताना मालनने डॅशबोर्डवरचा गणपती सोडवून पदरात घेतला. मनालीने मागच्या सीटवरचा गंधालीचा पट्टा एकदा हातात धरला, पट्ट्यावरून अंगठा फिरवला, जसा पोरीच्या हनुवटीवरून फिरवायची तसा, आणि सोडून दिला.

मी अजून तिथेच आहे. तक्रार दिलीय, कागद फिरतायत. देवेशच्या आवाराची पाटी बदलली असं चौकीतले शिपाई बोलताना ऐकलं. गेल्या आठवड्यात दोन माणसं मला बघून गेली. एकाने माझं सरकतं दार ओढून बघितलं आणि म्हणाला, "इंजिन चांगलंय. तोंड बदललं की उभी राहील परत."

मला परत उभं राहायचं नाही. मला भट्टीत जायचंय. पण माझं कोण ऐकणार? उद्या नव्या रंगात, चमेलीच्या वासात मी कुठल्यातरी आवारात उभी असेन, आणि माझ्यासमोर कुणीतरी आई उभी असेल, कडेवर पोर घेऊन. तेव्हाही मी मुकीच असेन.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही गाडी घेणार नसाल, तरी तुमच्या ओळखीचं कुणी घेणार असेल, शेजारी, नात्यात, पोरांच्या शाळेच्या दारात. त्यांना हे सांगा. देवाला विचारा, मुहूर्त बघा, नारळ फोडा, काही हरकत नाही. पण मेकॅनिकलाही विचारा. किल्ली फिरवून लाल दिवा लागून विझतोय का बघा. आणि पट्टा पार शेवटपर्यंत ओढा. कुणी म्हणालं स्प्रिंग जाईल, तर म्हणा, जाऊ दे.