खोडलेल्या नावावरून उचललेलं बोट

कागदावरून बोट सरकण्याचा आवाज किती बारीक असतो, हे विश्वनाथअप्पांच्या ओसरीत बसेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. उजवीकडून निघालेलं ते म्हातारं, गाठाळलेलं बोट शतकापूर्वीच्या शाईवरून डावीकडे जात राही. मागोमाग त्यांचे ओठ हलत, आणि फाल्गुनातलं ऊन भिंगाच्या काचेतून उतरून नेमकं त्यांच्या नखावर थरथरत उभं राही. लातुरातल्या त्या गल्लीत पेंडीचा दाट, तेलकट वास दिवसभर साचलेला असे. पुढच्या दुकानात अप्पांचा मुलगा पेंड विकायचा, माडीवरच्या खोल्यांत क्लासच्या मुली भाड्यानं राहायच्या आणि पेशींची, ग्रंथींची नावं मोठ्यानं घोकायच्या. त्या गलक्यातही अप्पांचं वाचन मंद, अखंड चाललेलं असे. मी मात्र त्या बोटावरची नजर हलवत नसे, कारण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता.

संशय हा माझा जन्मस्वभाव. दुधावरची साय बघितली तरी खाली पाणी किती, असा प्रश्न मला पडतो. नांदेडच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, तिथले सहकारी मला पाठीमागे ‘सीआयडी बाई’ म्हणत, आणि मला ते ऐकू येई. गुलामगिरी, युद्ध, साम्राज्यविस्तार या गोष्टींनी देशाचं भवितव्य कसं घडवलं, याची उत्तरं मी मुलांना मुद्द्यांत बसवून लिहून देत असे; प्रत्येक प्रश्नाला चार मुद्दे, पाचवा विचारायचा नाही. त्या मुद्द्यांत माणसाचं नाव कधी आलं नाही. ते नाव आपल्याच घरातलं असू शकेल, अशी शंका इतक्या संशयी बाईला एकदाही शिवली नाही, याचं आज नवल वाटतं आणि लाजही वाटते.

आमचं गाव मुदखेडजवळ. मी निवृत्त झाले त्या वर्षी माझा धाकटा भाऊ बालाजी यानं गावाच्या तोंडाशी पणजोबांच्या नावाची कमान उभारायचं काढलं, आणि खालच्या दगडावर कोरायचा मजकूर माझ्यावर सोपवला. मारोती पणजोबांची कथा आमच्या घरात आरतीइतकी पाठ आहे. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत, निजामाच्या राज्यातून साहेबाच्या लढाईसाठी गावोगावची माणसं बिनमजुरीची वेठीला धरली. मुदखेडच्या स्टेशनावर फौजेच्या घोड्यांचा कडबा लादायला पणजोबांना नेलं. ओझ्यानं त्यांच्या खांद्याची सालटी निघाली आणि तो वण मरेपर्यंत राहिला. ‘वेठबिगारीचा बळी’ हे शब्द बालाजीनं आधीच ठरवून टाकले होते. मी सवयीप्रमाणे पुरावा मागितला. तेव्हा त्यानं माळ्यावरून फडक्यात बांधलेलं उर्दू कागदांचं दप्तर काढलं आणि माझ्यासमोर आदळलं.

ते घेऊन मी नांदेडमधल्या एका उर्दू शाळेतल्या बाईंकडे गेले. त्यांनी पहिलाच कागद उलटसुलट पाहिला आणि परत दिला. “ये शिकस्ता है बाई, टूटी हुई लिखावट. पुराने लोगां पढते थे,” त्या म्हणाल्या. घाईत, अक्षराला अक्षर अडकवत लिहिलेला तो कचेरीतला मजकूर छापील उर्दूवर वाढलेल्या डोळ्यांना लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. लातूरच्या अप्पांचं नाव त्यांनीच सांगितलं, आणि जाता जाता पुस्ती जोडली की त्यांच्यानंतर कोणी नाही.

अप्पा नव्वदीला टेकलेले. घर लिंगायत व्यापाऱ्याचं, पण शाळा निजामी अमलातली, म्हणून गुरुवचनांच्या आधी त्यांच्या जिभेवर उर्दू हुकूम चढले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या पेटीतलं लिंग, अंगावर धुऊन धुऊन पातळ झालेला सदरा. आणि या शुभ्रतेत फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट शाईनं कायमचं निळसर पडल्यासारखं. बोलायचे कमी. मात्र कागद वाचू लागले की देहच बोलायला लागे. कचेरीचा हुकूम असला की त्यांची पाठ ताठ होई आणि आवाजात जरब येई. रयतेचा अर्ज आला की खांदे उतरत, आवाज घशातच घुटमळे. राज्य गेलं, अंमलदार गेले, अर्ज करणारे गेले, तरी त्या दोन्ही मुद्रा त्या एका देहात गुण्यागोविंदानं नांदत होत्या. त्या काळाचं एवढं जिवंत रूप मी पुस्तकात कधी पाहिलं नव्हतं. मला ते फार आवडायचं, आणि एखादी गोष्ट फार आवडली की माझा संशय दुप्पट होतो.

तिसऱ्या खेपेला माझ्या मनात पाल चुकचुकली. नावांच्या एका यादीवरून अप्पांचं बोट सावकाश चाललं होतं. मध्येच एका जागी ते अलगद उचललं गेलं आणि दोन बोटं पलीकडे टेकलं, जसा काट्यावरचा पाय माणूस न बोलता उचलतो. मी वाकून पाहिलं. तिथं एक नाव जाड रेघेनं खोडलेलं होतं, आणि त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत दुसरं काही लिहिलेलं होतं. अक्षर कळायला विद्या लागते, खोडलेलं कळायला लागत नाही.

“गावातल्या माणसांची यादी हाय, बाई. मारोतीचं नाव बी हाय त्याच्यात,” अप्पा म्हणाले, आणि कागद उलटा घालून ठेवला.

त्या दिवशी एसटीत बसून मी अहमदपूरपर्यंत एकच विचार करत होते. म्हाताऱ्याची नजर अधू झाली असेल का? की बालाजीनं दुकानावर फोन करून आधीच काही पढवून ठेवलं असेल? की अप्पांचंच कोणी त्या यादीत असेल? पुढच्या खेपेला मी मास्तरकीचा जुना डाव टाकला. परीक्षेत तोच प्रश्न शब्द फिरवून पुन्हा घालतात, तशी तीच यादी दुसऱ्या कागदांच्या मध्ये सरकवून दिली. बोट आलं, त्याच जागी उचललं गेलं, तेवढंच पलीकडे टेकलं. म्हणजे नजर शाबूत होती. पाणी दुसरीकडेच मुरत होतं.

“अप्पा, खोडलेलं वाचा,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला. “झाकली मूठ असू द्यावी, बाई.”

“वाचा.”

त्यांनी वाचलं. त्या दिवशी पाठ ताठ झाली नाही आणि खांदेही उतरले नाहीत. कुठली मुद्रा धारण करावी, हे त्यांनाच ठरवता येत नसावं. ती यादी कडबा लादायला नेलेल्या माणसांची नव्हतीच. लढाईवर निघालेल्या घोड्यांना चारापाणी करायला त्यांच्याबरोबर दर्यापार धाडायच्या माणसांची ती होती. पणजोबांचं नाव त्यात होतं ते नेलेल्यांत नव्हे, माणसं हवाली करणारा म्हणून; खाली त्यांचा अंगठा. आणि खोडलेलं नाव होतं किशन वल्द मारोती. म्हणजे त्यांचा मुलगा. म्हणजे माझे आजोबा, ज्यांचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं. त्या रेघेच्या वर, चिमटून बसवलेल्या अक्षरांत, ‘लिंबाजी’ असं लिहिलं होतं.

माडीवर मुलींचं घोकणं चालूच होतं. ती एक रेघ ओढली गेली नसती तर माझे वडील नसते, मी नसते, कमान उभारायला निघालेला बालाजीही नसता. साम्राज्यविस्ताराचे परिणाम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, आणि त्यातला एक परिणाम खडू हातात धरून वर्गासमोर उभा होता. 

“हे लपवायला तुम्हाला कुणी सांगितलं?” मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण दुकानातून मुलानं डोकावून पाहिलं.

“कुणी न्हाई. जे येतेत त्यांना आजा सोसणाराच पायजे असतो, बाई. सोसायला लावणारा कुणालाच नको. लई घरचे कागद वाचले मी. असं काही दिसलं की बोट उचलायचं, अन् पुढं जायचं. मानसं खुशीनं घरी जातेत. तुम्ही पयल्या विचारणाऱ्या.”

“मग धरून नेणारे काय आभाळातून पडले होते?”

अप्पा आवाज न करता हसले. “तेच तर म्हनतो मी.”

मला त्यांचा विलक्षण राग आला. इतक्या मायेनं, इतक्या अदबीनं या माणसानं साऱ्या मुलखाचा इतिहास धुऊन स्वच्छ करून दिला होता. घरोघरी एकेक बळी वाटला होता आणि अपराधी मात्र एकही शिल्लक ठेवला नव्हता. मग लगेच वाटलं, पाचवा मुद्दा न विचारू देणारी मी तरी वेगळं काय करत होते? त्यांनी बोट उचललं, मी खडू उचलला. आणि त्याहून खालच्या थरात, माझ्या स्वभावाला जागून, आणखी एक शंका वळवळत होतीच: आत्ता तरी यांनी खरं वाचलं कशावरून?

बालाजीला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, तू लई खोलात जाऊन राहिलीस. अप्पाशिवाय कोनाला वाचता येतंय ते? अन् अप्पा आता किती दिवसाचा?” माझा भाऊ वाईट माणूस नाही. पण त्या वाक्यानं माझ्या अंगावर काटा आला, कारण पणजोबांनीही त्या कचेरीत मुलाऐवजी लिंबाजीचं नाव देताना असाच काहीतरी सोयीचा, व्यवहारी विचार केला असणार. मी दुसऱ्याच दिवशी गावाकडे निघाले.

लिंबाजीचं घर गावात अजून आहे. आमच्या घरचा एक रिवाज त्या घराशी बांधलेला आहे: पितृपक्षात आमच्या पित्रांची पानं वाढली की एक पान जास्त वाढायचं आणि ते झाकून त्यांच्याकडे पोचवायचं. का, ते कधी कुणी विचारलं नाही. ‘मान आहे त्यांचा’ एवढंच आई सांगे. ते पान दर्यापार जाऊन न परतलेल्या लिंबाजीचं, हे आता मला उमगलं होतं, आणि खरं सांगायचं तर वाटेत मनाला थोडा आधारही वाटला होता, की पणजोबांना निदान टोचणी होती.

कोंडामावशी, लिंबाजीच्या नातवाची बायको, अंगणात सुपात तूर पाखडत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं, पण हात सुपासारखेच हलके. मी सगळं सांगितलं: यादी, रेघ, खोडलेलं नाव, वरचं नाव. सूप थांबलं नाही.

“ठावं हाय आमाला,” त्या म्हणाल्या. “आजेसासूनं सांगितलं होतं. लिंबाजीची बायको ती. नवी नवरी हून आले मी, तवा जिती होती.”

म्हणजे अप्पांनी खरं वाचलं होतं. माझ्या संशयाला टेकायला जागाच उरली नाही. “मग दर साली आमचं पान येतं, ते...” मी अर्धवट बोलले.

“खाल्लं न्हाई कधी कुनी या घरात. गाईला बी घातलं न्हाई. वढ्यात सोडताव.”

आता सूप थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं; त्या नजरेत राग नव्हता, आणि राग असता तर मला सोपं गेलं असतं.

“आजेसासू मरेस्तोर कुंकू लावायची, बाई. मेल्याची खबर कुठं आली होती? तिचा मानूस जिता होता तिच्यासाठी. अन् तुमच्या घरून दर साली त्याच्या नावचं पित्राचं पान येत होतं.”

बालाजीला मजकूर दिला नाही, आणि का दिला नाही ते त्याच्या तोंडावर सांगितलं. कमान झाली, तिच्यावर गावाचं नाव आहे, बाकी काही नाही. त्याचं माझं बोलणं तुटक झालं आहे. यंदापासून ते जास्तीचं पान वाढायचं नाही, एवढं मात्र ते ऐकून त्याच्या बायकोनं मी म्हणायच्या आधी स्वतःच ठरवलं.

अप्पांना हे सगळं सांगायला मी लातूरला गेले, तेव्हा त्यांनी ती यादी मागून घेतली आणि पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत एकही जागा न गाळता, सावकाश, बिनमुद्रेच्या आवाजात वाचली. त्या पावसाळ्यात ते गेले. दप्तरातले उरलेले कागद आता कुणालाच लागत नाहीत, आणि दुसऱ्या किती घरांच्या किती ओळी त्यांच्या मायेत बुडून गेल्या असतील, हा संशय मला एकटीला पुरून उरणारा आहे. काळ सगळं पुसून टाकतो म्हणतात, त्यावर मात्र मी विश्वास ठेवत नाही. शंभर वर्षं कागद आमच्या घरात पडून होता, आणि वाट पाहणं लिंबाजीच्या.