आधी भिंग, मग पाणी

अंगठ्यांत हिरे बसवण्यात चाळीस वर्षं घालवून भिंगकाका निवृत्त झाले, पण खिशातलं भिंग काही निवृत्त झालं नाही. जिन्यात कुणी बाई भेटली की आधी तिची अंगठी बघायची आणि मग तब्येत विचारायची, असा त्यांचा क्रम होता. कणीक मळताना अंगठी काढून ठेवा. दोन हिरे एका डबीत टाकू नका, एकमेकांना ओरखडतात. धुण्याआधी खड्याला धरणाऱ्या नख्या भिंगाखाली बघा, ढिल्या असतील तर पाणी लावूच नका. बायका मान डोलवत आणि पुढच्या वेळी दुसरा जिना धरत.

घरात तर त्यांना कुणी दादच देत नव्हतं. काकूंची अंगठी काकांनीच लग्नाआधी घडवलेली, वर मसुरीएवढा एकच हिरा. ती बोटातून काढायची नाही, हा काकूंचा नेम. कणीक असो, भांडी असो, अंगठी बोटातच.

सोमवारी सकाळी कणीक मळता मळता काकूंचं लक्ष गेलं, तर अंगठीत चार नख्या होत्या आणि मधे नुसती हवा.

काका तापले. पण आतून त्यांना थोडं बरंही वाटलं, हे सांगायलाच हवं. तीस वर्षं घसा कोरडा केल्याचं सार्थक झालं होतं. त्यांनी कणकेचे बारीक तुकडे केले, बादलीत कालवले आणि गाळून पाहिले. सिंकखालचा पाइप खोलला. झाडू उलटा करून झटकला. हे सगळं करताना व्याख्यान चालूच. काकू एरवी एका वाक्याला तीन वाक्यांनी उत्तर देणाऱ्या. पण त्या दिवशी "माझंच चुकलं" याच्यापुढे गेल्या नाहीत. मंगळवारी त्या जेवायलाही उठल्या नाहीत, तेव्हा मात्र काकांचं तोंड आपोआप बंद झालं.

दुपारी करमेना म्हणून ते भिंग पुसायला बसले. टेबलाच्या खणातलं मलमलीचं फडकं काढून घडी उलगडली, तर आत खडा.

दागिना धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, फडक्यातून गाळायचं, ही कामाच्या जागेवरची सवय त्यांच्या हाडात मुरली होती. आणि रविवारी काकूंची अंगठी धुतली होती ती काकांनीच. हट्ट करून काढून घेतली, कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने घासली. भिंग मात्र लावलं नाही. आपल्या हातचं काम, त्यात काय बघायचं? पाणी गाळलं, फडक्याची घडी घातली आणि चष्मा न लावताच अंगठी बायकोच्या बोटात परत सरकवली.

खडा मुठीत घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. पिठाचा डबा हाताशीच होता. खड्याला चिमूटभर पीठ लावायचं, सापडला म्हणायचं, की अब्रू शाबूत आणि व्याख्यानही शाबूत. काकांनी झाकण उघडलंसुद्धा.

आवाजाने काकू वळल्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. "राहू द्या आता," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकायला हवं होतं मी."

काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी झाकण लावलं.

"ऐकलंस म्हणूनच गेला," ते म्हणाले आणि मूठ उघडली.

मग त्यांनी रविवारपासूनचं सगळं सांगितलं, पिठाच्या डब्यासकट. काकूंनी खड्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, स्वतःला ताट वाढून घेतलं आणि दोन दिवसांची साठलेली वाक्यं एकेक करून बाहेर काढली. काकांनी मान खाली घालून खडा बसवला. चारही नख्या दाबल्या आणि भिंगातून तीनदा बघितलं.

अंगठी बोटात चढवून काकूंनी विचारलं, "आता ही धुवायची कुणी?"

"तू," काका म्हणाले. कशी धुवायची, ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.