भेंडाच्या नाकाचं विमान

विमान देऊन टाकलं असतं तर सोजरबाईला काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. एक पाच लिटरचा प्रेशर कुकर, कोरा, खोक्यासकट. कायमची पहिली पाळी. आणि वेल्फेअर ऑफिसर उद्धवरावांचं हसू, जे ते एरवी फक्त वरच्या मजल्यावर खर्च करत.

जाणार काय होतं? बॅटरीवर चालणारं, दोन्ही हात पसरावेत एवढ्या, वावभर पंखांचं एक पिवळं विमान. हातातल्या पेटीवरच्या दोन कांड्या हलवल्या की ते आभाळात वळायचं. चिंचवडच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर परत जाताना म्हणाला, हे वार्षिक दिनाच्या सोडतीत घाला. सोडत ऑफिसरांपुरतीच ठेवावी हे उद्धवरावांना सुचलं, पण चिठ्ठ्या वाटून झाल्यावर. चिठ्ठी निघाली ती कँटीनमध्ये चपात्या लाटणाऱ्या सोजरबाईची. साल एक्क्याऐंशी.

"बाई, हे खेळणं नव्हे, यंत्र आहे," भर जेवणाच्या सुट्टीत उद्धवराव कँटीनमध्ये येऊन म्हणाले. "त्याला शिक्षण लागतं. ऑफिसर्स क्लबला देऊन टाका अन् कुकर घेऊन जा."

सोजरबाईचा दीर ज्ञानदेव त्याच कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होता. तो शेजारच्या टेबलावरून डोळ्यांनी खुणावत होता: घ्या वहिनी, घ्या. पण बाईचं दुखणं वेगळं होतं. आजवर तिला जे मिळालं ते कुणाच्या तरी मागून आलेलं. नवऱ्यामागं नोकरी, जावेमागं लुगडी, सासूमागं चूल. हे एकच सरळ तिच्या नावावर आलं होतं, आणि नेमकं तेच आता दुसऱ्याला हवं होतं.

"शिकंन की," ती म्हणाली.

कँटीनमध्ये हशा पिकला.

"कधी?"

"तुमी सांगा कधी."

मासा आपण होऊन टोपलीत उडी मारतोय म्हटल्यावर उद्धवराव कशाला मागं हटतील! "एक मेच्या खेळांत, सगळ्यांसमोर. उडवायचं, ग्राउंडला एक चक्कर मारायची, आणि तुमच्या पायाशी उतरवायचं. जमलं तर तुमचं, पुन्हा कुणी नाव काढणार नाही. नाही जमलं तर क्लबचं. कुकर मात्र तेव्हाही देऊ, आमचं मन मोठं आहे."

"न्हाई जमलं तर कुकरबी नगं," सोजरबाई म्हणाली. "मन ठेवा तुमच्यापाशीच."

ज्ञानदेवाच्या हातातला घास ताटात पडला.

चिखलीच्या वाटेला तेव्हा मोकळा माळ होता. रविवारी सकाळी ज्ञानदेव विमान फेकायचा आणि बाई पेटी धरायची. पहिल्याच खेपेला विमानानं जमिनीला अशी मिठी मारली, की जणू माहेरची माती भेटली. नाक चेचलं, पंखाचा कागद फाटला.

"झालं समाधान? कुकरात भात तरी शिजला असता."

"भावजी, तुमी तुकडं गोळा करा. बोलू नगा."

नाकाचं लाकूड परदेशी, कापसासारखं हलकं. ते इथं कुठलं मिळायला! बाईनं पिंपरीच्या बाजारात बाशिंगं करणाऱ्याकडून भेंड आणलं, तसंच पांढरं, फुलकं. धम्म घेतल्यापासून त्या घरात लग्नालाही बाशिंग शिरलं नव्हतं, आता त्याचंच भेंड विमानाच्या नाकात बसलं.

"बाबा असते म्हंजे..." ज्ञानदेव म्हणाला.

"मामंजी असते तर विमान फेकायला आले असते. तुमच्यावानी रडत न्हाई."

पंखाचा नवा कागद तिनं मैद्याच्या खळीनं चिकटवला. तिची खळ नामांकित; कंपनीतल्या झाडून सगळ्या नोटिसा तिच्याच खळीवर भिंतीला धरून होत्या. सकाळी बघते तर झुरळांनी पंखाची चाळणी केलेली. मग ज्ञानदेवानं फेविकॉल आणला, आणि तो बाईनं लग्नातल्या तुपासारखा सढळ वाढला, शेपटीला तर दोनदा. आता विमान नाक वर करून चढायचं, थबकायचं आणि धपकन खाली. अखेर ज्ञानदेवानं दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून ते तोलून पाहिलं. शेपूट लगेच खाली गेलं.

"मागनं जड झालंय वहिनी. ऑफिसरावानी."

बसून तिनं जास्तीचा सगळा फेविकॉल खरवडला.

खरी खोड पुढंच होती. विमान लांब जाताना उजवं ते उजवंच. पण तोंड फिरवून अंगावर येऊ लागलं की उजव्याचं डावं व्हायचं. बाई वळवायची एकीकडं, ते शिरायचं बाभळीत. दर खेपेला तीच बाभळ. एकदा ती चिडून माळावर फतकल मारून बसली.

"भावजी, खाट डुगडुगली तर काय करता?"

"आता खाट कुठनं आली मधीच?"

"जो खूर खाली, तिथं टेकू लावता. व्हय ना?"

ती उठली. विमान अंगावर येताना जो पंख खाली दिसेल त्याच बाजूला कांडी सरकवायची, टेकू लावल्यासारखी. त्या सकाळी बाभळीला पहिल्यांदा सुट्टी मिळाली.

उद्धवराव माळावर कधी फिरकले नाहीत, पण बातम्या त्यांना चहाबरोबर पोचत. त्यांनी बाईचा कार्यक्रम सकाळचा काढून दुपारी चारला टाकला. मे महिन्यात चारला तिथं वारा कसा सुटतो, हे मांडववाल्यालाही ठाऊक होतं. वर मैदानात चुन्याचा एक गोल आखून घेतला. एक मेला चारच्या ठोक्याला बाईला त्यात उभं करून म्हणाले, "उभं इथंच राहायचं."

"वारं हाय साहेब."

"मग राहू दे. क्लबला देऊन टाका."

"फेका, भावजी," सोजरबाई म्हणाली.

विमान वाऱ्याला तोंड देत चढलं आणि वळलं. पाठीशी वारा येताच ते सुसाट मांडवापलीकडं गेलं. बाईनं त्याला मैदानाभोवती फिरवून आणलं, चक्कर झाली. पण उतरायला पुन्हा मांडवावरून गोलाकडं येताना वारा समोर, बॅटरी संपत आलेली. मोटर बंद पडली. विमान अलगद उतरू लागलं, आणि आंधळ्यालाही दिसलं असतं की ते गोलापर्यंत पोचत नाही. मांडवापुढंच, साहेबांच्या सोफ्यांसमोर पडणार.

सोजरबाई पेटी धरून, मान वर करून, चुन्याच्या बाहेर चालू लागली.

"बाई! जागेवरून हलायचं नाही!"

"पायाशी म्हनालात साहेब. पाय माझे हायेत. चुना तुमचा."

सोफ्यांपुढं दोर होता. त्याच्या आत कामगारानं जायचं ते चहाचा ट्रे घेऊनच. ज्ञानदेव पळत आला आणि त्यानं दोर वर उचलला. बाई वाकलीसुद्धा नाही. उजवा पंख कलला, तिनं टेकू दिला. डावा कलला, तिकडं दिला. विमान गालिच्यावर घसरलं, सरबताचा ग्लास आडवा केला आणि तिच्या चपलांना टेकलं. नाकावरचा पंखा तुटला.

"तुटलं!" उद्धवराव ओरडले.

"तुटू द्या. जोडाया शिकलेय की."

सगळ्यांनी मोठ्या साहेबांकडं पाहिलं. विमानाशेजारी असलेले आपले बूट त्यांनी हळूच मागं घेतले. आता विमान एकट्या सोजरबाईच्या पायाशी होतं.

राहिला हिशेब, कुणी काय भरलं त्याचा. कुकर क्लबच्या नावावर आधीच आणलेला; विमानच आलं नाही म्हणून क्लबानं त्याचा खर्च नामंजूर केला. पैसे उद्धवरावांच्या पगारातून वळते झाले आणि कुकर त्यांच्याच घरी शिट्ट्या मारू लागला. त्यांनी राग काढला तो बाईला वर्षभर दुसरी पाळी लावून. तिनं ती भरली. रात्री अंग मोडून घरी यायची, आणि डाळ अजून उघड्या पातेल्यातच शिजायची. पण दुसऱ्या पाळीवाल्याची सकाळ मोकळी असते, आणि सकाळी माळावर वारा पडलेला असतो. आधी फक्त रविवार होता, आता रोज. विमानाच्या नाकाचं भेंड बाशिंगवाल्याचं, फेविकॉल ज्ञानदेवाचा, आणि उडवायला लागणारा सगळा वेळ उद्धवरावांच्या खर्चानं.