पांढऱ्या पेशींची बाजू

"आकडा वाईट आहे, एल्ड्रिड," विग्डिस म्हणाली आणि तिने स्क्रीन वळवली.

विग्डिस गावातली डॉक्टर. स्की क्लबात दोघी तरुणपणापासून बरोबर असत, त्यामुळे औषध लिहून देताना ती मैत्रिणीसारखी रागवायची. आज मात्र ती नुसतीच डॉक्टर होती.

सहाशे चाळीस. तो पन्नासच्या आत हवा. एल्ड्रिडचा मोठ्या आतड्याचा आजार चार वर्षं झोपलेला होता. दर हिवाळ्यात डबीत शौचाचा नमुना द्यायचा आणि त्यात पांढऱ्या पेशींचं एक प्रथिन किती सापडतं ते पाहायचं, एवढंच त्या आजाराचं देणं उरलं होतं.

"मागच्या वेळी असंच सुरू झालं होतं. स्टेरॉइड आजपासून. मग ते इंजेक्शन, पेशींना आवर घालणारं."

"मागच्या वेळी पेशींना आवर घातला आणि मला न्यूमोनिया झाला. अख्खा हिवाळा मी बर्फ खिडकीतून बघितला."

"आणि त्याआधी रक्त जात होतं ते विसरलीस?"

"नाही विसरले. पण आत्ता रक्त नाही, कळ नाही, जेवण जातंय. हा आकडा एवढंच सांगतो की पेशी आतड्यात आल्या. का आल्या ते कुठे सांगतो?"

"शाळेत शिकवतेस तशी मला शिकवू नकोस."

पण एल्ड्रिड जीवशास्त्रच शिकवायची, आणि हा धडा तिचा आवडता होता. आतड्याचं अस्तर एकाच पेशीइतकं जाड. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जिवाणू, दुसऱ्या बाजूला आपलं रक्त. त्या पातळ भिंतीलगत पांढऱ्या पेशींची वस्ती असते. त्यातल्या काही नको ते जिवाणू गिळतात, काही उपयोगी जिवाणूंना सुखाने राहू देतात, काही भिंतीची डागडुजी करतात. कुठे चीर पडली की रक्तातून आणखी पेशी धावून येतात आणि काम करता करता तिथेच मरतात. हिमवादळानंतर सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर पडते तसं, असं ती मुलांना सांगे. दारांपुढची फावडी मोजली तर किती लोक आले ते कळतं. बर्फ आभाळातून पडलं की छपरावरून घसरलं, ते कळत नाही. तिच्या आजारात बर्फ संपलं तरी लोक खणतच राहत आणि रस्ताच उखडत.

आता रस्ता उखडत होता, की खरंच कुठे बर्फ पडलं होतं?

नमुना सोमवारी सकाळी दिला होता. आदल्या दिवशी ती आणि बाबा डोंगरावरच्या विश्रांतिगृहापर्यंत स्कीवर जाऊन आले होते. गावची दरवर्षीची स्की-शर्यत तोंडावर आलेली असताना उजळ रविवारी घरात बसणारं त्या खोऱ्यात कोणी नव्हतं. लांबच्या श्रमात आतड्याचं रक्त पायांकडे वळतं आणि भिंत कुरकुरते, हे तिला माहीत होतं. पण नुसत्या श्रमाने सहाशे चाळीस?

ती थेट बाबांकडे गेली. तुर्ग्रिम तळघरात स्कीच्या तळाला गरम इस्त्रीने मेण लावत होते. या शर्यतीनंतर ते ऐंशीचे होणार होते, आणि ही शेवटची, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"बाबा, रविवारी आपण काय काय खाल्लं?"

"ब्रेड, तपकिरी चीज, कोको, संत्रं. चौकशी कसली? बिल द्यायचंय?"

"आणखी काही?"

"तुझा गुडघा दुखत होता म्हणून गोळी दिली."

"ती पॅरासिटामॉलच होती ना?"

"माझी होती. माझ्या गुडघ्याची. जाताना एक, येताना दोन. त्याच्या आदल्या रविवारीही दिल्या होत्या."

खुंटीवरच्या अनोरॅकच्या, म्हणजे टोपीवाल्या जाकिटाच्या, छातीवरच्या खिशातून, चॉकलेटच्या खालून, त्यांनी पाकीट काढलं. सूज उतरवणारं वेदनाशामक. आतड्याचं अस्तर खरवडणारं, तिला कायमचं बंद केलेलं. दुकानात प्रत्येक डब्यावरची बारीक अक्षरं वाचणाऱ्या एल्ड्रिडने हातमोजा काढून ती प्रत्येक गोळी बाबांच्या तळव्यावरून न विचारता उचलली होती. डोंगरावर त्यांच्या खिशातून निघेल ते तोंडात टाकायचं, ही सवय तिला चौथ्या वर्षापासून होती.

तिने त्यांना आकडा आणि विग्डिसचा सल्ला सांगितला. "बाबा, मी शर्यत सोडतेय. तीन आठवडे स्की नाही आणि गोळी नाही. मग पुन्हा तपासणी."

तुर्ग्रिमच्या हातातली इस्त्री थांबली. "माझी शेवटची आहे."

"माहीत आहे."

"मग घे ना ते स्टेरॉइड आणि ये! विग्डिस म्हणतेच आहे."

"ते घेतलं तर आकडा उतरेलच. पण कशामुळे उतरला ते मला कधीच कळणार नाही, आणि दर हिवाळ्यात पेशींनाच दोष लागेल. त्या कामावर आल्या असतील, बाबा. कामावर आलेल्यांना कोणी डांबून ठेवतं का?"

मेण थंड होत गेलं.

गोळ्यांचं सगळं ऐकूनही विग्डिसने फोनवर बराच वेळ हुज्जत घातली आणि शेवटी म्हणाली, "ठीक आहे. पण रक्ताचा थेंब दिसला तर त्याच दिवशी माझ्यापुढे हजर."

"त्याच तासाला."

नेमकं त्या आठवड्यांत बर्फ असं पडलं की वर्षानुवर्षं आठवण राहावी. शेजारी स्की खांद्यावर टाकून जाताना विचारत, "काय गं, पाय मोडला की नवरा आजारी?" एल्ड्रिड हसून आत जाई. एका सकाळी पोटात मुरडा आला. ती न्हाणीघरात दाराला पाठ लावून बसली आणि विग्डिसचा नंबर काढून बोट त्यावर धरून थांबली. मग उठून नीट पाहिलं. रक्त नव्हतं. आदल्या दिवशीचा कोबी होता. तिने फोन ठेवला आणि शाळेत गेली.

शर्यतीच्या दिवशी ती शेवटच्या चढाखाली गरम काळ्या मनुकांचं सरबत पेल्यांत ओतत उभी होती. तुर्ग्रिम आले. दाढीला बर्फ, श्वास तोकडा.

"तुझ्या पेशी काय म्हणतात?"

"काम करतायत."

"मीही," ते म्हणाले, पेला तिच्या हातात कोंबला आणि चढाला लागले. ते वळणाआड होईपर्यंत ती बघत राहिली. पुढच्या तिघांना सरबत मागून घ्यावं लागलं.

ईस्टरच्या सुट्टीआधी विग्डिसचा फोन आला. "बहात्तर. अजून पन्नासच्या वर आहे, नाचू नकोस. जूनमध्ये पुन्हा नमुना दे. स्टेरॉइड नको." मग ती म्हणाली, "आणि तुर्ग्रिमला सांग, गावात डॉक्टर मी एकटीच आहे."

दोन दिवसांनी बापलेक डोंगरातल्या त्यांच्या सुट्टीच्या लाकडी झोपडीपासून हळूहळू निघाले. बाबा मुद्दाम मागे राहत होते आणि दमल्याचा आव आणत होते. पहिल्या टेकडीमागे, वारा लागणार नाही अशा उन्हात, ते बर्फ खोदून केलेल्या बाकावर बसले. तुर्ग्रिमने सवयीने अनोरॅकच्या खिशात हात घातला आणि मूठ तिच्यापुढे धरली.

एल्ड्रिडने हात पुढे केला नाही. "नाव काय?"

त्यांनी मूठ उघडली. "संत्रं," ते म्हणाले. "पूर्ण नाव संत्रं. दुष्परिणाम म्हणजे बोटं चिकट होतात."

तिने हातमोजा काढला.