छताला अबोली

"छताला पांढरा नको," बाहेरच्या खोलीतून तिचा आवाज आला.

तो शिडीवरच थांबला. "छताला पांढराच देतात गं."

"देतात, हिंडणारी-फिरणारी माणसं. मला आता छतच बघायचंय."

तो खाली उतरला, पांढऱ्या रंगाच्या डब्याला झाकण लावलं आणि भिंतींसाठी तिने निवडलेला अबोलीचा डबा उघडला.

पाच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरी न्या. तिला तो एवढंच म्हणाला, की सुट्टी मिळाली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "बरं. मग एक करा. आतली खोली रंगवा."

सत्तावीस वर्षं तो पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरला होता. संध्याकाळी ती शिवणयंत्रावरून मान न उचलता विचारायची, आज कोणाकडे कोणता रंग पाहिलात? तो सांगायचा. आपल्या घराचं काय, असं तिने म्हटलं की त्याचं ठरलेलं, "पुढच्या वर्षी." ती शिवणाचा क्लास चालवायची. वाकडा टाका दिसला की एकच शब्द, "उसव." क्लासमधल्या मुली तिला पाठीमागे 'उसवबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

दुपारी मुलगी आली. ओल्या रंगाच्या वासाने दारातच थबकली.

"बाबा, आईची ही अवस्था आणि तुम्ही रंग काय काढलाय? सहासष्टाव्या वर्षी शिडीवर! एखादा माणूस लावायचा ना."

"तिने मला सांगितलंय. माणसाला नाही."

"करू दे गं त्यांना," आई पडल्या पडल्या म्हणाली. "पुढचं वर्ष उजाडलंय त्यांचं."

मुलगी हसायला गेली आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात शिरली. बराच वेळ तिथून नळाचा आवाज येत राहिला.

छताने त्याचा जीव काढला. मान अवघडली, हात भरून आले, चष्म्यावर थेंब पडून सगळं जगच अबोली दिसू लागलं. रंगाचा दुसरा हात संपला तेव्हा शिडीची एकेक पायरी तो चाचपत उतरला.

एक दिवस खोली वाळू दिली. मग बापलेकीने तिला चादरीसकट उचलून आत आणलं. किती हलकी झाली होती! पंख्याखालच्या पलंगावर तिला निजवलं. ती वर बघत राहिली. तो परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा पायथ्याशी उभा.

"उसवू का?" त्याने विचारलं.

तिला हसू आलं, हसण्याने खोकला आला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "नको. छान झालंय."

त्यानंतर रोज सकाळी, जाग आल्यावर, ती वर बघून तेच म्हणायची. आवाज खोल जात चालला, तरी म्हणायची. बाराव्या दिवशी सकाळी, मुलगी चमच्याने पाणी पाजत असताना, पाणी ओठांवरून खाली ओघळलं.

माणसं आली, गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामं झालं. मुलगी बाहेर आवराआवर करत होती. तो आतल्या खोलीत गेला आणि पहिल्यांदाच तिच्या पलंगावर, तिच्या उशीवर डोकं टेकून आडवा झाला.

डोळ्यांच्या बरोबर वर, पंख्याच्या दांडीलगत, वीतभर पट्टा तसाच राहून गेला होता. जुना, पिवळट, कडा वेड्यावाकड्या. शिडीवरून तो पात्यांच्या आड गेला असावा, दारातून दिसायचा प्रश्नच नव्हता. या उशीवरून मात्र दुसरीकडे नजर न्यावी म्हटलं तरी तोच दिसत होता.

"बाबा," बाहेरून मुलगी म्हणाली, "डब्यात थोडा रंग उरलाय. लागेल का कुठे?"

"नाही," तो म्हणाला. "देऊन टाक कोणाला तरी."

आणि तसाच वर बघत पडून राहिला.